माशावर शिवला

वर्षश्राद्धाच्या दिवशी सासूबाईंनी कावळ्याचं पान माशाला वाढलं.

मी स्वयंपाकघरात गुरुजींचा शिधा बांधत होते. बाहेरून माझा धाकटा भाऊ शिरीष ओरडला, "ताई, लवकर ये! आई बघ काय करतायत!" शिरीष सहसा आवाज चढवणाऱ्यातला नाही, म्हणून हातातलं तसंच टाकून पळाले. बघते तर आई माशाच्या टाकीपुढं स्टुलावर उभ्या. हातात केळीचं पान. पानावरचा दहीभात, वडे, भाजी केव्हाच पाण्यात गेली होती आणि आता त्या वाटीतली खीर हळूहळू, अगदी प्रेमानं ओतत होत्या.

"आई! अहो काय करताय?"

"हळू गं. दचकेल तो." त्यांनी वाटी बोटानं निपटून शेवटची शितंही पाण्यात सोडली. "गच्चीवर पान ठेवून काय होणार? कुठला तरी कावळा नेणार. तो इथं बसलाय आणि आपण त्याला गच्चीवर शोधायचं होय?"

तो म्हणजे हेरंब, त्यांचा मुलगा आणि माझा नवरा. तो त्या टाकीत आहे, हे त्या घरात वर्षभर सगळे धरूनच चालले होते. कुणी बोलून दाखवत होतं, कुणी नव्हतं, एवढाच फरक. न बोलणाऱ्यांत मी होते.

मासा हेरंबनंच आणलेला. तो औषध कंपनीचा एमआर, महिन्यातून एकदा मुंबईला जायचा. बायकांना मुंबईहून साड्या येतात, मला समुद्राचा मासा आला, तोही प्राणवायू भरलेल्या पिशवीत. कऱ्हाडात दोन नद्या आहेत, त्यांतला कुठलाही मासा चालला असता. पण नाही, याला समुद्रच हवा. दुकानदारानं त्याची जात डॉमिनो सांगितली होती. काळाकुळकुळीत, माझ्या तळहातात मावेल एवढा, दोन्ही अंगांना एकेक पांढरा ठिपका आणि एक बरोबर कपाळावर, गंध लावल्यासारखा. रूप गोजिरं आणि स्वभाव विंचवाचा. सोबतीला म्हणून सोडलेले मासे त्यानं एकेक करून संपवले. टाकी पुसायला हात घातला की येऊन चिमटा काढायचा. चिडला की आवाज करायचा, टक् टक्, कुणी आतून काचेवर नख वाजवावं तसा. आधी मला हे खोटंच वाटलं होतं. मासा कुठं बोलतो? पण रात्रीच्या जेवणाला आम्ही बसलो की पंख्याच्या आवाजातूनही ते टक् टक् ऐकू यायचं, आणि हेरंब हातातला घास उंच धरून म्हणायचा, "आलो रे खविसा, जेवू तरी दे." तेव्हापासून त्याचं नाव खवीस.

समुद्र बनवण्याचं काम माझ्याकडे होतं. मी केमिस्ट्रीची पदवी घेऊन पोळ्या लाटत बसलेली, त्यामुळे हेरंबला आयतीच प्रयोगशाळा मिळाली. मीठ पुडक्यातून यायचं, खास, खाण्याचं नव्हे. गाळलेल्या पाण्यात ते ढवळायचं, तरंगता काटा सोडून खारटपणा बघायचा, पाणी एक दिवस मुरू द्यायचं आणि मग टाकीतलं थोडं काढून हे थोडं घालायचं. एरवी टाकीचं पाणी आटलं की भर घालायची ती मात्र गोड्या पाण्याची. शेजारच्या वहिनी म्हणायच्या, खारा मासा आणि गोडं पाणी कसं? मी सांगायचे, पाणी उडून जातं वहिनी, मीठ मागं राहतं. हे सगळं मला येत होतं आणि घरात दुसऱ्या कुणालाच येत नव्हतं. तेव्हा मला याचा अभिमान होता.

मग हेरंब गेला. हायवेवर, उंब्रजच्या अलीकडे, ट्रकखाली. आमच्या लग्नाला चार वर्षं झाली होती.

दहाव्याला पुरुष संगमावर गेले. आम्ही बायका घरी. पिंडाला कावळा शिवेपर्यंत घरात कुणी पाणी पीत नाही, म्हणून सगळ्या दाराकडे डोळे लावून बसलेल्या. उन्हं वर आली तरी कुणाचा पत्ता नाही. आईंचं एकच चाललं होतं, "त्याचा जीव अडकलाय गं कशात तरी, अडकलाय." शेवटी अण्णा, माझे सासरे, ओल्या पंचानिशी दारात येऊन उभे राहिले. चाळीस वर्षं हायस्कूलला गणित शिकवलेला माणूस. कऱ्हाडात त्यांच्या शब्दावर लोक डोळे मिटून विश्वास ठेवायचे.

"शिवला," ते म्हणाले. "माशावर शिवला."

मग त्यांनी उभ्याउभ्याच सांगितलं. कावळे होते, पण खाली उतरेनात. आईला सांभाळू म्हटलं, नाही. घराचं नाव काढलं, नाही. अखेर, "तुझा मासा आम्ही सांभाळू, त्याला अंतर देणार नाही" असं म्हटलं मात्र, एक खाली आला आणि शिवून गेला. जमलेल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. आई उठून टाकीपुढं गेल्या आणि काचेला कपाळ टेकवून रडल्या.

मी अण्णांच्या मागोमाग मोरीपर्यंत गेले. विचारायला नको होतं, पण विचारलं.

"अण्णा, माझं नाव घेतलं होतं?"

ते पंचा पिळत होते. "घेतलं होतं."

"मग?"

"नाही शिवला."

या दोन शब्दांनी मला जे केलं ते हेरंबच्या मरणानंही केलं नव्हतं. मेलेला माणूस आपला राहतो, असं मी धरून चालले होते. इथं त्याच्या मरणानंतर दहा दिवसांत निकाल लागला की त्याचा जीव माझ्यात नव्हताच, तो एका चावऱ्या माशात होता. गावभर झालं. बायका हळहळायच्या आणि मग माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेनं बघायच्या, चार वर्षांत हिनं नवऱ्याला काय दिलं, अशा.

तरीही मासा मीच जगवला. शब्द दिलेला होता आणि तो पाळण्याची विद्या एकट्या माझ्याकडे. लोडशेडिंगचे दिवस होते, रोज तासन् तास वीज जायची आणि पाण्यात हवा सोडणारा पंप बंद पडायचा. मग मी बॅटरीवरचा छोटा पंप लावायचे. दोन दिवस माहेरी जायचं म्हटलं तरी जमत नसे. आई टाकीपुढं पाट टाकून बसायच्या त्या उठायच्याच नाहीत. सकाळपासून त्यांची बडबड चालू. भाजी काय केली, कोण आलं, कोण गेलं, दूधवाल्यानं पाणी कसं घातलं. मध्येच टक् आवाज आला की त्यांचा आवाज वाढायचा. मी खोलीत आले की आणखी वाढायचा.

आणि मला त्या माशाची भीती वाटायला लागली. मी खोलीत इकडून तिकडे गेले की तोही काचेला धरून इकडून तिकडे यायचा. भुकेनं येतो, हे मला कळत होतं. तरी टाकीवर चादर टाकल्याशिवाय मी त्या खोलीत केससुद्धा विंचरत नसे. पुढं पुढं त्याच्या कपाळावरचा ठिपका पुसट होत गेला. या जातीत वय वाढलं की तसं होतं, दुकानदारानं आधीच सांगितलं होतं. पण आई एकदा म्हणाल्या, "बघ, त्याचंही कपाळ पुसलं," आणि त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

शिरीष मला न्यायलाच आला होता. पुण्यात एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत त्यानं माझ्यासाठी शब्द टाकला होता, जागा मिळाली होती, सोमवारी हजर व्हायचं. याआधी दोनदा मी अशीच संधी घालवली होती, मासा आजारी म्हणून आणि आई आजारी म्हणून. या वेळी मी मनाशी पक्कं केलं होतं की श्राद्ध झालं की संध्याकाळच्या गाडीनं निघायचं. टाकी पुण्याला नेता येत नव्हती. ती नेणं म्हणजे आईंचा मुलगा त्यांच्या पुढ्यातून उचलून नेणं. आणि ठेवून जायची तर महिन्याभरात मासा मरणार. वर्षभर मी या कोड्याभोवती फिरत होते, आणि सुटलं नाही तरी निघायचंच, असं ठरवून बॅग भरली होती. नेमकी तेव्हा ही खीर पाण्यात पडली.

पाणी बघता बघता पांढुरकं झालं. वर तुपाचा थर. त्यात वीज गेलेली, आणि बॅटरीच्या पंपानं त्या दिवशी नेमका दगा दिला. खवीस दगडाच्या कपारीतून बाहेर आला आणि वर येऊन तोंड उघडझाप करायला लागला.

"खातोय गं!" आई आनंदानं म्हणाल्या. "बघ कसा भराभरा खातोय."

तो खात नव्हता, गुदमरत होता. शिरीषला म्हटलं, आईंना आत नेऊन जरा पडायला लाव, सकाळपासून उपाशी आहेत. त्या गेल्या, समाधानानं गेल्या. मग मी पदर खोचला आणि कोपरापर्यंत हात टाकीत घातले.

जाळीनं भात काढला, वडे काढले, नळीनं तळाचा गाळ ओढून बादल्या भरल्या. मुरवलेलं खारं पाणी पिंपात अर्धंच होतं. ते ओतलं आणि बाकीच्यासाठी मीठ ढवळायला घेतलं. अण्णा खुर्चीत बसून बघत होते. मी त्यांना टाकीपाशी बोलावलं आणि हातात मग दिला.

"टाकीतलंच पाणी घ्या आणि उंचावरून परत टाकीत सोडा. तेवढीच हवा जाईल. थांबू नका."

पांढरं स्वच्छ धोतर नेसलेले अण्णा आज्ञाधारकपणे पाणी उपसून ओतायला लागले. शिरीष बॅग घेऊन दारात आला.

"ताई, आता निघालो तरच गाडी मिळेल."

"आज जमायचं नाही."

"म्हणजे?"

"दिसत नाही का तुला? पाणी खराब झालंय. दोन-चार दिवस रोज बदलावं लागेल. सोमवारचं त्यांना कळव, म्हणावं..."

"काय म्हणावं? मासा आजारी आहे म्हणावं? परत?" त्यानं बॅग खाली आपटली. "ताई, मासा आहे तो!"

"नाहीये!"

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. शिरीषनं बॅग परत सरळ उभी केली. मग अगदी हळू म्हणाला, "मी बाहेर रिक्षा थांबवून ठेवतो. तू विचार कर," आणि गेला.

मी पिंपात काठी फिरवत राहिले. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि हात मिठाचे, पुसायचीही सोय नाही. अण्णांचा मग टाकीत बुडत होता, वर येत होता.

"तू जा मृदुला," अण्णा म्हणाले.

"आणि याला कोण बघणार? तुम्ही?"

"मेला तर मेला."

त्या घरात हे शब्द कुणी उच्चारतील असं मला स्वप्नातही वाटलं नसतं, त्यातून अण्णांनी. मी काठी थांबवली.

"असं कसं म्हणता अण्णा? तुम्ही शब्द दिलाय त्याला. त्यावर शिवलाय कावळा."

अण्णांनी आतल्या खोलीच्या दाराकडे बघितलं. दार लोटलेलं होतं. पाण्याची धार सोडत सोडत, माझ्याकडे न बघता ते बोलायला लागले. फळ्याकडे तोंड करून शिकवावं तसे.

"माशाचं नाव काढलंच नव्हतं आम्ही. घाटावर कुणाला मासा आठवतो? ते मी नंतर रचलं. येताना, वाटेत."

"मग कशावर शिवला?"

"तुझ्यावर."

टाकीत पाण्याच्या धारेचा आवाज होत होता, एवढंच मला आठवतं.

"घराचं म्हटलं, त्याच्या आईचं म्हटलं. एक हलेना. गुरुजी म्हणाले, सुनेचं नाव घ्या. मी म्हटलं, मृदुलाला सांभाळू, लेकीसारखी घरात ठेवू. तरी नाही. ऊन चढलेलं, सगळे कंटाळलेले. मग मीच पुढं झालो. म्हटलं, हेरंब, तिला अडकवून ठेवणार नाही. तिला तिच्या वाटेनं जाऊ देऊ. हात खाली आला नव्हता माझा, तोवर शिवला."

"आणि तुम्ही मला सांगितलंत, माझं नाव घेतलं तरी नाही शिवला."

"तू मोरीत आलीस आणि विचारलंस. मला दुसरं सुचलं नाही."

"का पण, अण्णा?"

"येताना माझ्या डोळ्यांपुढं एकच येत होतं. तू गेलीस म्हणजे या घरात मी आणि ती. ती रडणार आणि मी ऐकणार." हातातला मग पुन्हा बुडाला, वर आला. "घर सांभाळ म्हटलं असतं तर तू चार महिने थांबून गेली असतीस. सासूला सांभाळ म्हटलं असतं तरी गेली असतीस, आणि बरोबरच होतं ते. मासा म्हटला की तुला जाता येणार नव्हतं. तो तुझ्याशिवाय कुणाला जगवता येत नव्हता, म्हणून मासा. घाटावर होते त्यांना गप्प बसायला सांगितलं. हिलाही ठाऊक नाही. हिचा माझ्या शब्दावर विश्वास आहे."

राग आला, असं म्हणणं फार कमी होईल. तो मग हिसकावून त्यांच्या कपाळात मारावा असं वाटलं. आणि त्याच वेळी, खोटं कशाला सांगू, आतून काहीतरी उसळून वर आलं आणि ते सुख होतं. तो माझ्यावर शिवला होता. वर्षभर ज्याच्या नजरेला मी भीत होते, ज्याच्यासमोर केस विंचरायची मला लाज वाटायची, त्या माणसानं जाता जाता फक्त माझं सुटणं मागितलं होतं.

"परत सांगा," मी म्हटलं. "काय म्हणालात तेव्हा? तेच शब्द."

"तिला अडकवून ठेवणार नाही. तिला जाऊ देऊ."

"परत."

त्यांनी परत सांगितलं. हात थांबला नव्हता.

तेवढ्यात आतलं दार वाजलं आणि आई बाहेर आल्या. केस विस्कटलेले, झोपेतून उठल्यासारख्या. त्यांनी बादल्या बघितल्या, माझे मिठाचे हात बघितले, दारातली बॅग बघितली. अण्णांनी हातातला मग हवेतच धरला. खोलीत चिटपाखराचा आवाज नाही. वीज नव्हती, पंप बंद, पंखा बंद.

टाकीतून आवाज आला. टक्. आणि जरा थांबून पुन्हा, टक्.

आई टाकीकडे न बघता माझ्याकडे बघत होत्या. "काय म्हणाला गं?" त्यांनी विचारलं.

वर्षभरात त्यांनी मला हे कधी विचारलं नव्हतं. त्याचं बोलणं त्यांच्या एकटीचं होतं. मी अण्णांकडे बघितलं. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. आता मी तोंड उघडलं की चाळीस वर्षांचा शब्द आणि वर्षभराचा मुलगा, दोन्ही त्या बाईच्या हातून जाणार होते. आणि मी तोंड उघडणारच होते, कारण माझंही एक वर्ष गेलं होतं.

"जा म्हणतोय, आई," मी म्हटलं. "मला. तू जा म्हणतोय."

त्या हळूच पाटावर टेकल्या. मला वाटलं, आता रडतील, नाहीतर मला शिव्या देतील.

"ऐकू गेलं म्हणायचं तुला," त्या म्हणाल्या. "पहिल्या दिवसापासून तेच चाललंय त्याचं. तिला जाऊ दे आई, तिला जाऊ दे. दुसरं काही बोलतच नाही. तुझ्या कानावर पडू नये म्हणून तर मी इथं बसून बडबडत राहायचे गं."

अण्णांच्या हातातला मग टाकीत पडला. आईंनी काचेवर उडालेलं पाणी पदरानं पुसलं आणि काचेशी तोंड नेऊन, लहान मुलाला समजावतात तशा आवाजात म्हणाल्या, "बास रे बाळा आता. चाललीय ती."